कंडरासरांना बसलेली लाथ

शरीररचनाशास्त्राच्या त्या प्राध्यापकांना अख्खं मेडिकल कॉलेज कंडरासर म्हणायचं. स्नायूचं टोक निमुळतं होत होत पांढऱ्या, चिवट दोरीसारखं होतं आणि हाडाला जाऊन चिकटतं. त्या दोरीला बाकी सगळे टेंडन म्हणत, सर एकटे कंडरा म्हणत. तोंडी परीक्षेत एखाद्याच्या तोंडून टेंडन निघालं की सर कानामागे हात धरत. "काय? ऐकू नाही आलं." तो कंडरा म्हणेपर्यंत त्यांना ऐकू येत नसे.

सरांनी उभ्या आयुष्यात एकाही जिवंत माणसावर उपचार केले नव्हते. डॉक्टरकीची पदवी हातात पडली तेव्हाच त्यांच्या लक्षात आलं होतं की रुग्ण फार बोलतात. विच्छेदनगृहातल्या टेबलावरची माणसं बोलत नसत. स्नायू बाजूला सारून खालची कंडरा चिमट्याने उचलून दाखवली तरी हूं की चूं करत नसत. अशा समजूतदार लोकांत सरांचे केस पांढरे झाले होते.

दरवर्षी पोटरीचा धडा आला की शेजारच्या वर्गातली मुलंही मागे येऊन उभी राहत. सर फळ्यावर खडूने पाय काढत आणि सुरू करत.

"पोटरीत दोन मोठे स्नायू. एक वर, एक त्याच्या पोटाखाली. दोघं निघतात वेगवेगळ्या ठिकाणाहून, पण खाली येता येता एकाच कंडरेत मिळतात आणि ती कंडरा टाचेच्या हाडाला धरते. शरीरातली सगळ्यात जाड कंडरा ही. स्नायूला एकच काम येतं, ओढणं. ढकलणं त्याच्या बापजन्मी त्याला जमलेलं नाही. आणि कंडरा? ती काहीच करत नाही. ती नुसती ओढ पोचवते. दोन माणसांमधला निरोप्या म्हणा. निरोप्या मेला, की दोघं ठणठणीत असून उपयोग नाही."

मग सर टेबलाच्या पुढे येत. सगळे याचीच वाट बघत असायचे.

"ही कंडरा तुटते तेव्हा माणसाला काय वाटतं? कंडरा तुटली असं वाटतं? मुळीच नाही. मागून कुणीतरी सणसणीत लाथ घातली असं वाटतं!" सर जागच्या जागी दचकत, गर्रकन वळत आणि कोपऱ्यात टांगलेल्या हाडांच्या सापळ्याकडे डोळे वटारून बघत. वर्ग हसून हसून लोळायचा. "रुग्ण शपथेवर सांगेल, लाथ बसली. विश्वास ठेवू नका. तो पाऊल थोडंफार हलवूनही दाखवेल, कारण आतले छोटे स्नायू शाबूत असतात. तरी फसू नका. पालथं झोपवा, पोटरी दाबा. कंडरा धड असेल तर पाऊल हलेल. तुटली असेल तर पाऊल ढिम्म. संपलं."

सरांच्या बायकोला हे भाषण सापळ्यासकट पाठ होतं, कारण सर त्याची तालीम घरी करत आणि तेव्हा सापळ्याच्या जागी ती असे. ती रेडिओवर बातम्या वाचायची. निवृत्त झाल्यावर रेडिओ सुटला, पण आवाज सुटला नव्हता. घरात दूध उतू गेलं तरी ती ते अशा शांत, स्वच्छ, कुणाचीही बाजू न घेणाऱ्या आवाजात सांगे की ऐकणाऱ्याला वाटावं, दूध दूर कुठल्यातरी देशात उतू गेलंय.

तिला एक धाकटा भाऊ होता, म्हणजे सरांचा मेहुणा. त्याचं पडद्यांचं दुकान होतं. माणूस आडवातिडवा, आवाज मोठा, पाय त्याहून मोठे आणि मन पडद्याच्या कापडाइतकं हलकं. कुठूनही वारा आला की हलायचं. सरांचं त्याच्याविषयी मत फारसं बरं नव्हतं. मेहुण्याचं सरांविषयी मत फार चांगलं होतं आणि तेच सरांना जास्त खुपायचं.

"भाऊजी, तुम्ही शरीराचं एवढं शिकवता, मग स्वतःचं कधी वापरणार?" असं म्हणून मेहुण्यानेच त्यांना बॅडमिंटनला ओढून नेलं. क्रीडागृहात रोज सकाळी पाच-पंचवीस मंडळी जमायची. सर गेले आणि पहिल्याच दिवशी दोघातिघांना त्यांची रॅकेट धरण्याची पद्धत मनगटाच्या कोणकोणत्या कंडरांवर अन्याय करते ते समजावून आले. स्वतः खेळताना मात्र त्यांना शटलचं फूल कुठून येतंय याचा पत्ता नसे. ते आलं की सरांचा उजवा हात, डावा हात आणि तोंड एकदम हलायचं आणि फूल पायाशी पडायचं. पण हळूहळू जमायला लागलं. पाय आधी थोडे मोकळे करून घ्या असं सगळे सांगत. सर म्हणत, "मला?"

त्या सकाळी सर आणि मेहुणा एका बाजूला होते, सर जाळीजवळ, मेहुणा मागे. समोर एक दातांच्या डॉक्टरीणबाई आणि त्यांचे यजमान. बाईंनी फूल सरांच्या डोक्यावरून उंच टाकलं. सर मागे सरकले, थांबले आणि डाव्या पायाने जोर घेऊन उडी मारणार, तेवढ्यात टक्‌ असा आवाज झाला आणि टाचेच्या वर मागून कुणीतरी सणसणीत लाथ घातली.

सर कोसळले, पण कोसळता कोसळता वळले. मागे मेहुणा उभा होता. रॅकेट वर, तोंड उघडं, एक पाय पुढे.

"लाथ मारलीस?" सर ओरडले.

"मी?"

"मग कुणी? इथे मागे दुसरं कोण आहे?"

"भाऊजी, आईशप्पथ, मी फूल बघत होतो!"

"फूल बघत होतास आणि लाथ मला!"

खेळ थांबला. सगळे गोळा झाले. दातांच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या मी फूल बघत होते. त्यांचे यजमान फूल बघत होते. बाकावर बसलेलेही फूलच बघत होते. ते फूल सगळ्या क्रीडागृहाने बघितलं आणि मेहुण्याचा पाय एकानेही बघितला नाही. बाई एवढंच म्हणाल्या, "तुमचे पाय जरा मोठेच आहेत, नाही का?" मेहुणा आपल्या बुटांकडे असा बघत राहिला, जणू ते कुणी दुसऱ्यानेच त्याच्या पायांत घातले होते.

सर लंगडत घरी आले आणि खुर्चीत बसून स्वतःला तपासू लागले. पाऊल खाली दाबून बघितलं. दबलं. वर ओढून बघितलं. आलं. दुखतही फारसं नव्हतं.

"पोटरीचा स्नायू ताणलाय," त्यांनी जाहीर केलं. "मुका मार. लाथेचा."

बायको समोर उभी होती. "कंडरा तर नाही ना तुटली?"

"पाऊल हलतंय ना! दिसत नाही?"

"तुम्हीच म्हणता की हललं तरी फसू नका. आणि लाथ—"

"ते रुग्णांबद्दल आहे," सर म्हणाले. "मी माझ्याबद्दल बोलतोय. आणि तुला एवढं कळतं तर जा, रेडिओवर सांग."

ती आत गेली.

संध्याकाळी मेहुणा बर्फाची पिशवी घेऊन आला. सर त्याला एरवी अरेतुरे करत. आज त्यांनी वर न बघता म्हटलं, "या. बसा. आपण कशाला त्रास घेतलात?"

तो 'आपण' मेहुण्याच्या काळजात गेला. मेहुणा बर्फाची पिशवी मांडीवर घेऊन बराच वेळ बसला. विजार भिजली तेव्हा उठला. दारात म्हणाला, "ताई, तू तरी सांग. मी असं करीन का?"

"जखमी व्यक्ती आपल्या विधानावर ठाम आहे," ताई म्हणाली. "अधिक तपशिलाची प्रतीक्षा आहे."

तपशील कॉलेजात मिळाला.

पोटरीचा धडा त्याच आठवड्यात होता. सर काठी टेकत वर्गात आले आणि त्यांच्या मनात एक नामी कल्पना आली. ताणलेला स्नायू आणि तुटलेली कंडरा यांतला फरक जिवंत पायावर दाखवायची संधी वारंवार येते का? त्यांनी बूट-मोजे काढले, विजार गुडघ्यापर्यंत गुंडाळली आणि प्रात्यक्षिकाच्या टेबलावर चढून पालथे झोपले. पावलं कडेबाहेर लोंबत ठेवली. हनुवटी हातांवर टेकली. आता त्यांना समोरची भिंत दिसत होती आणि खालची फरशी. वर्ग सगळा पायांच्या बाजूला होता.

"पहिल्या बाकावरची मुलगी कोण आहे? पुढे या. उजवी पोटरी दाबा."

तिने दाबली. उजवं पाऊल मान डोलावल्यासारखं खाली गेलं. वर्गात कुजबुज झाली.

"हे निरोगी पाऊल. आता डावी. ही दुखावलेली आहे, पण कंडरा शाबूत आहे. म्हणजे पाऊल हलणार. दाबा."

तिने दाबली.

"दाबलं का?"

"हो सर."

"मग? काय दिसतंय ते मोठ्याने सांगा. मागच्यांना कळू दे."

"काही नाही, सर."

"काही नाही म्हणजे काय? वैद्यकीय भाषेत बोला."

"म्हणजे... काहीच होत नाहीये, सर."

"नीट दाबा हो! अंगात जोर नाही? मागच्या बाकावरचा तो उंच मुलगा, तुम्ही या."

उंच मुलगा आला. त्याने बाह्या सावरल्या आणि लिंबू पिळावं तशी पोटरी पिळली. सर कळवळून ओरडले.

"हललं ना?" त्यांनी दात आवळून विचारलं.

"पाऊल नाही हललं, सर," मुलगा प्रामाणिकपणे म्हणाला. "तुम्ही हललात."

एरवी असल्या वाक्यावर वर्गाने छप्पर डोक्यावर घेतलं असतं. आज कुणी श्वाससुद्धा मोठ्याने घेईना. त्या खोलीत साठ-सत्तर मुलं होती आणि प्रत्येकाला पाऊल दिसत होतं. ज्याचं होतं तो तेवढा भिंतीकडे बघत होता.

"निदान?" भिंतीकडे बघत सरांनी विचारलं. आवाज जरा बारीक झाला होता.

शेवटी पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "कंडरा तुटली आहे, सर."

"बरोबर," सर म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "शाब्बास."

तोपर्यंत दुसरा विचार पोचला. पहिला पायातून आला होता, हा पोटातून आला. कंडरा तुटली. म्हणजे टक्‌ वाजलं ते कंडरेचं. म्हणजे लाथ... सर टेबलाच्या कडेला घट्ट धरून फरशीकडे बघत राहिले. 'विश्वास ठेवू नका,' असं ते इतकी वर्षं घसा फोडून सांगत आले होते. कुणावर, हे मात्र त्यांनी नीट ऐकलं नव्हतं.

पुढचं भराभर झालं. हाडांचे डॉक्टर सरांचेच जुने विद्यार्थी निघाले. त्यांनी वेळ न घालवता शस्त्रक्रिया करून कंडरेची टोकं शिवली. टोकं दोरीच्या पिळासारखी उसवली होती, असं नंतर कळलं. पायाला गुडघ्यापर्यंत प्लास्टर आलं, बगलेत कुबड्या आल्या.

घरी पलंगावर टेकवल्यावर बायको म्हणाली, "आता त्याला फोन करा."

"कुणाला?" सरांनी विचारलं.

तिने फोन आणून पलंगावर ठेवला.

"करतो. टाके निघू देत."

"माफी मागायला टाके आड येतात, हे कुठल्या पुस्तकात आहे?"

सरांनी डोळे मिटून घेतले. गुंगी अजून उतरली नसल्याचं त्यांनी दाखवलं.

फोन करायची वेळच आली नाही. दोनच दिवसांत मेहुणा स्वतः आला. चेहरा उतरलेला, दाढी वाढलेली. पलंगाजवळ खुर्ची ओढून बसला आणि प्लास्टरकडे बघून त्याचे डोळे भरले.

"भाऊजी, मी फार विचार केला," तो म्हणाला. "पहिल्यांदा वाटलं, छे, मी कशाला लाथ मारीन. पण क्रीडागृहात सगळे म्हणायला लागले, लागला असेल पाय, तुमच्या लक्षात नसेल आलं. मग मी डोळे मिटून तो क्षण आठवायचा प्रयत्न केला. आणि भाऊजी, आठवलं."

"काय आठवलं?" सरांनी दचकून विचारलं.

"लाथ! मी पुढे झेपावलो, असा," मेहुण्याने उठून खोलीच्या मधोमध झेप घेतली, "आणि माझा उजवा पाय तुमच्या घोट्याच्या मागे, इथे, बाहेरच्या बाजूला लागला. मला बुटातून जाणवलं सुद्धा. कसं विसरलो होतो कोण जाणे." तो मटकन बसला. "तुमची कंडरा मी तोडली. मला माफ करा."

सर त्याच्याकडे बघत राहिले. कधी न घडलेली गोष्ट एक धडधाकट माणूस कोन आणि बाजू यांसकट करून दाखवत होता. आता बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. बायको दारात चहाचे कप घेऊन उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर बातमीची वाट बघणाऱ्या माणसाचा भाव होता.

सरांनी घसा साफ केला. "जाऊ दे," ते म्हणाले. "झालं गेलं."

बायकोने कप टेबलावर ठेवले. थोडा चहा बशीत सांडला.

"भाऊजी!" मेहुण्याने त्यांचे दोन्ही हात धरले. "केवढं मोठं मन तुमचं!"

त्या दिवसापासून मेहुण्याने प्रायश्चित्त सुरू केलं. तो रोज सकाळी दुकानाची गाडी घेऊन दारात हजर होई. मागे पडद्यांचे तागे रचलेले असत. त्यांतल्या मखमलीच्या ताग्यावर सरांचा पाय ठेवून तो त्यांना कॉलेजात नेई, कुबड्या धरी, जिन्यात तर चक्क उचलून घेई. सरांच्या खोलीच्या खिडकीला त्याने नवे पडदे लावून दिले, दुहेरी, डोळ्यांवर ऊन नको म्हणून. सुरुवातीला सरांचा जीव कानकोंडा व्हायचा. पण सवय वाईट. हळूहळू त्यांना वाटू लागलं की आता सांगून त्या बिचाऱ्याला उगाच धक्का कशाला द्या? सेवा करून त्याचं मन हलकं होतंय. आणि मखमलीवर पायही कमी सुजतो.

एकदा चहाच्या वेळी बायकोने पेपर बाजूला ठेवला. "ठळक बातम्या," ती म्हणाली. "निर्दोष माणसाने गुन्हा कबूल केला. ज्यांच्याकडे पुरावा आहे ते मखमलीवर पाय ठेवून बसले आहेत."

"मी सांगणारच आहे."

"उद्या तपासणीला तोच नेणार आहे. जाताना गाडीत सांगा. नाही सांगितलंत, तर येताना मी सांगेन."

तिचा आवाज चढला नाही, म्हणूनच सर घाबरले.

दुसऱ्या दिवशी गाडी सुरू झाल्या झाल्या त्यांनी सुरुवात केली. "तुला एक सांगायचंय."

"बोला ना भाऊजी."

आता एवढी महत्त्वाची गोष्ट एकदम कशी सांगायची? ऐकणाऱ्याचा पाया पक्का हवा. "स्नायू म्हणजे काय," सर म्हणाले, "हे आधी समजून घे. बारीक बारीक तंतूंची जुडी. तंतू आखडतात, जुडी आखडते. आता ही ओढ हाडापर्यंत पोचवतं कोण? कंडरा."

"वा," मेहुणा म्हणाला आणि त्याने गाडी वळवली.

"कंडरेला रक्ताचा पुरवठा बेताचाच. त्यातून टाचेच्या थोडं वर एक जागा अशी असते, जिथे तो सगळ्यात कमी. वय वाढतं तशी तिथली वीण विसविशीत होते. पडदा उन्हात विरतो ना, तशी."

"अस्तर नसेल तर विरतो," मेहुणा म्हणाला. "पण फार छान सांगता तुम्ही. मग?"

"मग कधी कधी काय होतं..." सर मुद्द्यावर येणार, तेवढ्यात गाडी थांबली.

"आलं हॉस्पिटल," मेहुणा म्हणाला. "उरलेलं येताना सांगा हं, मला ऐकायचंय." आणि त्याने त्यांना उचललं.

डॉक्टरांनी प्लास्टर कापलं, पाय तपासला, जखम छान भरलीय म्हणाले. गुरूच्या पायाला हात लावायला मिळाल्याने ते खुशीत होते.

"सर, तुमचं ते लाथेचं लेक्चर मी अजून विसरलो नाही," ते हसत म्हणाले. "कंडरा आपोआप तुटते आणि माणूस मागच्याला धरतो! तुम्ही सापळ्याकडे वळून कसे डोळे वटारायचात! एक विचारू? खरंच वाटतं का हो तसं? तुम्ही कुणाकडे वळलात?"

सर कापलेल्या प्लास्टरचे तुकडे गोळा करू लागले.

"माझ्याकडे," कोपऱ्यातून मेहुणा म्हणाला.

डॉक्टरांचं हसू हळूहळू मावळलं. त्यांनी पट्टी बांधायला घेतली आणि ती गरजेपेक्षा बराच वेळ बांधली.

गाडीत मेहुण्याने किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"माझा पाय लागलाच नव्हता?"

"नाही."

"तुम्हाला कधी कळलं?"

"वर्गात. पोटरी दाबली तेव्हा."

"म्हणजे मी रडत आलो त्याच्या आधी."

"आधी."

मेहुणा समोरच्या काचेतून बघत राहिला. एरवी त्याच्या तोंडाचा पट्टा बंद करायला दार लावून घ्यावं लागे. आज तो एकेक शब्द शोधून आणल्यासारखा बोलत होता. "भाऊजी, मी त्या दिवसापासून शिडीवर चढताना पायरी चाचपून बघतो. दुकानात गिऱ्हाईक मागे उभं असलं तर पाय उचलत नाही. घरात मांजराला वळसा घालून जातो. मला वाटायचं, आपला पाय आपल्याला न सांगता काहीही करतो." तो थांबला. "आणि तुम्ही म्हणालात, जाऊ दे, झालं गेलं."

"चुकलो," सर म्हणाले. तोंडी परीक्षेत हा शब्द त्यांनी आयुष्यभर ऐकला होता. म्हणायला किती जड असतो हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. "फार चुकलो. तू म्हणशील ते करतो."

मेहुण्याने किल्ली फिरवली. "क्रीडागृहात चला. सगळ्यांसमोर सांगा."

सकाळची मंडळी अजून पांगली नव्हती. सर कुबड्यांवर मधल्या रेघेपर्यंत गेले. या वेळी त्यांनी तंतूंपासून सुरुवात केली नाही.

"याने मला लाथ मारली नाही," ते म्हणाले. "माझी कंडरा आपोआप तुटली. मी खोटा आळ घेतला. चूक माझी आहे."

मग दातांच्या डॉक्टरीणबाई पुढे आल्या. त्यांच्या डोळ्यांत कौतुक होतं.

"सर, तुम्ही खरंच थोर आहात," त्या म्हणाल्या. "घरच्या माणसाला सांभाळून घ्यावंच लागतं."

"अहो, नाही, खरंच—"

"राहू द्या, राहू द्या," त्यांचे यजमान म्हणाले. "आम्ही समजून आहोत. एवढा पाय मोडला तरी बायकोच्या भावावर ठपका येऊ देत नाहीत!"

सरांनी सगळं समजावून सांगायचा जिवापाड प्रयत्न केला. रक्ताचा पुरवठा सांगितला, उसवलेली टोकं सांगितली, वळून बघणारे रुग्ण सांगितले. लोकांनी माना डोलावल्या. मग एकाने स्वतःचं कोपर पुढे केलं, इथे दुखतं हो, ही कंडराच का? दुसऱ्याने खांदा दाखवला. तिसऱ्याने गुडघा. बघता बघता सरांभोवती रांग लागली आणि जिवंत रुग्ण किती बोलतात हे सरांना पुन्हा एकदा कळलं. मेहुण्याच्या पाठीवर जाता जाता कुणीतरी थाप मारली, "नशीबवान आहात. असे भाऊजी मिळायला भाग्य लागतं."

मेहुणा बाकावर बसून हे ऐकत होता. त्याचा चेहरा लाल झाला. खांदे हलायला लागले. सरांना वाटलं, हा आता रडणार किंवा मारणार. पण तो हसत होता, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"चला, भाऊजी, घरी चला," तो म्हणाला. "तुम्ही आणखी दहा मिनिटं बोललात, तर हे लोक तुमचा पुतळा उभारतील आणि माझ्याकडून पडदा घेतील."

घरी बायकोने दोघांचे चेहरे बघितले. तीन कप चहा टाकला.

मेहुणा दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन आला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. सर रिक्षाने कॉलेजात गेले. जिना बसून बसून, एकेक पायरी मागे सरकत चढले. मुलं बाजूला होऊन वाट देत. त्यांना ते रास्तच वाटलं.

दोन-अडीच महिन्यांनी कुबड्या सुटल्या. डावी पोटरी उजवीच्या मानाने वाळली होती. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला. आधाराला धरून उभं राहायचं आणि टाचा उचलायच्या. सरांनी सकाळी स्वयंपाकघरात ओट्याला धरून सुरुवात केली. उजवी टाच उचलली जाई. डावी फरशीला डिंकाने चिकटवल्यासारखी. कोणता स्नायू कुठून निघतो, कुठे लागतो, कोणती नस त्याला हुकूम पोचवते, सगळं त्यांना तोंडपाठ होतं. ते मनात पोटरीला नाव घेऊन हाक मारत. पोटरी ओळख दाखवत नव्हती.

एका सकाळी ते असेच ओट्याशी घाम गाळत असताना मागचं दार उघडलं. मेहुणा आत आला. दुकान उघडायच्या आधी आला असावा, गळ्यात पडदे मोजायची टेप होती. त्याने ताईकडे बघितलं, मग सरांच्या पायांकडे. तो उकिडवा बसला आणि डाव्या टाचेवर नजर लावली.

सरांनी जोर केला. कपाळावरची शीर तटतटली.

"उचलली?"

"नाही," मेहुणा म्हणाला.

"जरा तरी?"

"जरा पण नाही, भाऊजी. तुमचे खांदे उचलले."

"बरं," सर म्हणाले. त्यांनी खांदे सैल सोडले, ओट्याची कड धरली आणि पुन्हा प्रयत्न केला. मेहुणा उठला आणि त्याने सरांच्या कोपराखाली आपला रुंद तळवा दिला.